बाकावरच्या दाढ्या

माझ्या बाबांना सगळे दिवाणजी म्हणतात. ते कुणाचे दिवाण वगैरे नाहीत. आमचं केस कापायचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. खिडकीकडची खुर्ची त्यांची, आतली माझी. नाव पडलं ते वाचनामुळे. वाचनालयातून ते एकाच प्रकारची पुस्तकं आणतात: कारस्थानांची. कुठल्या राणीनं सावत्र मुलाला विष घातलं, कुठल्या सेनापतीनं मेजवानीला बोलावून राजाचा काटा काढला, कुठल्या मंत्र्यांनी आपल्याच नेत्याला घरी बसवलं. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत ते हे सांगतात, आणि गोष्ट ऐन खुनापाशी आली की वस्तरा उचलतात. नवखं गिऱ्हाईक तेव्हा डोळे घट्ट मिटून घेतं.

या वाचनातून त्यांनी दोन नियम काढलेत. एक, कारस्थान फसतं ते जिंकल्यावर. तोवर सगळे मूग गिळून बसतात, जिंकले की मात्र कुणालाच धीर निघत नाही. दुसरा, ज्याच्या हातात वस्तरा, त्याच्यापुढे मान द्यायची नाही. त्यामुळे जन्मभर त्यांनी स्वतःची दाढी स्वतःच केली. मला कात्री दिली, कंगवा दिला, पण वस्तऱ्याला हात लावू दिला नाही. ते पुस्तक बदलायला गेले की मी फुगा फुगवायचे, त्याला साबण लावायचे आणि वस्तरा चालवून बघायचे. बरेच फुगे फुटले. मग फुटेनासे झाले.

आणि मग बाबांचा हात थरथरू लागला. मास्तरांना कानाखाली कापलं, शिंपीकाकांना हनुवटीवर. "धार जरा जास्तच लागली," बाबा तुरटी फिरवत म्हणाले. हे दुखणं बरं होणारं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांनाच फितूर ठरवलं. मला रात्रंदिवस एकच घोर लागला. आज ना उद्या कुणीतरी तोंडावर म्हणणार, दिवाणजी, आता पुरे. हा माणूस ते कसं सोसणार? खिडकीकडची खुर्ची सोडून त्याला दुसरं आहे काय?

पण कुणी काही म्हणालं नाही. उलट मास्तरांनी दाढी वाढवली. मग शिंपीकाकांनी, मग पोस्टमननं, मग बाकावर बसणाऱ्या यच्चयावत म्हाताऱ्यांनी. यायचे सगळे, पेपर वाचायचे, बाबांच्या गोष्टी ऐकायचे, केस माझ्याकडून कापून घ्यायचे. दाढीचा विषय निघाला की, "राहू दे, आजकाल हेच चालतं."

बाबा सैरभैर झाले. खुर्ची पुसायची, दाराशी जायचं, परत यायचं, कोरड्या वस्तऱ्याला पट्ट्यावर धार लावायची, पुन्हा दाराशी. समोर नुकतंच केस कापायचंच एक चकचकीत, काचेच्या दारांचं दुकान उघडलं होतं, आत गाणी लावलेली. "कुठंतरी पाणी मुरतंय," ते माझ्या कानात म्हणायचे. "तो समोरचा पोरगा माझी गिऱ्हाइकं फोडतोय. आधी दाढ्या वाढवायला लावायच्या, मग एक दिवस सगळ्यांना तिकडे ओढायचं. असं एका राज्यात झालंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कारस्थान त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच बाकावर बसून गाल खाजवत होतं. मला ते शिंपीकाकांनी सांगितलं, बाबा आत चहा ठेवत असताना.

"त्याला सांगायचं कुणी, पोरी? आमच्यात कुणाची छाती आहे? त्यापेक्षा खाज परवडली."

"आणि काकू काय म्हणतात?"

"ती म्हणते, पिंजारलेली गादी घरात घेणार नाही."

मला हसू आलं, रडू आलं आणि संतापही आला. माझ्या बापाला हे लहान मुलासारखं खेळवत होते. आणि यापेक्षा मायेनं त्याच्याशी कुणी वागलं असतं, असंही वाटत नव्हतं. मीही मूग गिळले.

अखेर एका दुपारी बाबा तरातरा रस्ता ओलांडून समोर गेले. मी कात्री टाकून मागोमाग धावले.

"माझी माणसं का फोडतोस?" त्यांनी विचारलं.

पोरगा गांगरला. "काका, ते माझ्याकडे कशाला येतील? मीच तुम्हाला विचारणार होतो, या सगळ्यांनी एकदम दाढ्या का वाढवल्यात?"

बाबा तसेच मागे वळले. परत आले, आरशापुढे उभे राहिले आणि उजवा हात पुढे धरून त्याच्याकडे बघत राहिले. हात थांबेना. दुसऱ्या दिवशी बाक भरल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आजपासून इथं दाढी बंद. फॅशनच गेली, तर वस्तरा कुणासाठी परजायचा?" सगळ्यांनी माना डोलावल्या, वाईट वाटल्याचं दाखवलं.

आणि पुढच्या सकाळी सगळे तुळतुळीत! एकाला तरी अक्कल हवी होती की नाही? खाज इतकी साचली होती, की त्या संध्याकाळी ज्यानं त्यानं घरी जाऊन दाढी खरडली होती. पोस्टमनच्या हनुवटीला कागदाचा कपटासुद्धा चिकटलेला होता. एकमेकांचे चेहरे बघून त्यांचीच बोबडी वळली.

बाबा बाकासमोरून एकदा गेले, परत आले. मास्तरांच्या गालावरून अंगठा फिरवला. "सांगत नव्हतो? जिंकल्यावर फसतं."

मास्तरांनी पेपर तोंडापुढे धरला.

"माझ्यासाठी खाजवत बसलात रे इतके दिवस?" बाबा म्हणाले.

मग ते वळले ते माझ्या खुर्चीत येऊन बसले. गळ्याभोवतीचं कापड त्यांना बांधता येईना, ते मी बांधलं. "साबण लाव," ते म्हणाले.

"बाबा, मी माणसावर कधी..."

"कपाटामागे फुटके फुगे सापडतात मला. केव्हाचे सापडतात."

मी साबण लावला, वस्तरा उघडला. बाकावर कुणी हलत नव्हतं. बाबांनी मान मागे टाकली आणि उघडा गळा माझ्यापुढे धरला.

"फक्त," ते म्हणाले, "गोष्ट सांगू नकोस."