मुंबईशी बोलायचा आवाज

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर बसले की माझा आवाज खणखणीत. "हॅलो मुंबई, नागपूर बोलतंय, लाइन द्या!" नाही म्हणायची मुंबईवालीची काय बिशाद! लाइनवर खरखर एवढी, की 'जरा', 'जमलं तर' असल्या शब्दांना जागाच नसे. शिवाय ऐकलेलं लगेच परत म्हणून दाखवायचं, हा आमचा शिरस्ता.

मग मला सुपरवायझर केलं. कानावरचा हेडफोन उतरला आणि त्याच्याबरोबर आवाजही. डब्याच्या वेळी बायका एकजात उठायच्या, भिवापुरी मिरचीच्या ठेच्याभोवती कोंडाळं करायच्या आणि रिकाम्या बोर्डावर दिवे लुकलुकत राहायचे. मी पुटपुटायची, "निम्म्या जणी आधी जेवल्या तर बरं होईल, म्हणजे जमलं तर..." सगळ्यांत जुनी ऑपरेटर, जिला आम्ही मावशी म्हणायचो, घास चावत विचारायची, "काहून वं, काही बोलून राहिली का?"

शेवटी साहेबांनी बजावलं, "सोमवारी डब्याच्या वेळी येतो. बोर्ड रिकामा दिसला, तर तुम्ही परत ऑपरेटर." मला ती खुर्ची मनापासून हवी होती. धरमपेठेत सासरी पेढेही वाटून झाले होते!

सोमवारी मी शक्कल लढवली. माझ्या टेबलावरच्या हेडफोनची पिन खोचली की सगळ्या ऑपरेटरांच्या कानात बोलता येई. साहेब दारात दिसताच मी पिन खोचून तो चढवला, घट्ट डोळे मिटले आणि समोर मुंबई आहे असं समजून बोलले, "डावीकडच्या डब्याला. उजवीकडच्या बोर्डावर. बोला!"

"डावीकडच्या डब्याला, उजवीकडच्या बोर्डावर!" सवयीनं सगळ्या एका सुरात म्हणाल्या आणि तशाच वागल्याही. साहेब मान डोलावून गेले.

त्यांची पाठ वळताच शेजारच्या बोर्डावरून मावशी उठली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात माझ्या हेडफोनची पिन.

"तू डोळे मिटले तवाच उपटली," ती म्हणाली. "ह्या डबड्याची काय गरज तुले? आमचे कान फुटले का?"

मला राग आला आणि हसूही. हेडफोन टेबलावर ठेवत मी म्हणाले, "मावशी, तुम्ही उजवीकडच्या. बोर्डावर!"

मावशीनं डब्याचं झाकण लावलं.

"बोर्डावर," ती म्हणाली आणि गेली.