मेकॅनिक क्लासचे रूल आणि धुडकूआप्पा

लोखंड कानसायला घेतलं की पायाशी कीस साचतो. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा तेवढाच. आमच्या नंदुरबारच्या मेकॅनिक क्लासात किस्से असेच साचतात.

मी इथे आलो त्याला दोन वर्षं झाली. पुण्याला इंजिनिअरिंग शिकलो आणि खेड्यापाड्यातल्या पोरांच्या हाती यंत्र दिल्याशिवाय हा देश उभा राहायचा नाही, असं ठाम मत घेऊन गाडीत बसलो. मत अजून ठामच आहे. पण माझा अर्धा दिवस शिकवण्यात जातच नाही. तो जातो रूल समजावण्यात! प्रवेशाला काय लागतं, ड्रॉइंगमध्ये नापास झालं तर काय, वर्कशॉपचे तास किती भरायचे, कोणी फिटर व्हायचं आणि कोणी इंजिन-ड्रायव्हर.

क्लास भरतो एका बंद पडलेल्या, कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या शेडमध्ये. कापूस गेला, इंजिन राहिलं. त्या इंजिनाभोवती अकरा विद्यार्थी, मी आणि धुडकूआप्पा. आप्पा आमचे मिस्त्री. जिन चालू होतं तेव्हापासून हे इंजिन त्यांच्याच हातात आहे. पुस्तकातलं मी शिकवतो, हातातलं ते शिकवतात. बोलतात फक्त अहिराणी, तीही मोजून.

*

पहिल्या वर्षी प्रवेश सुरू झाले आणि पहिले आले ते बाजारपेठेतले एक कापडवाले शेठजी. सोबत मुलगा हस्तीमल. पांढरंशुभ्र धोतर, कोटाला चांदीची बटणं. मी म्हटलं, याचे हात काळे होणार, चालेल ना?

"हात धुता येतात, मास्तरसाब. कोर्स किती सालचा?"

"दोन वर्षांचा."

शेठजींनी जरा विचार केला. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "असं करा. हा एकटा नाही, याचा भाऊ घ्या, माझा भाचा घ्या. तीन पोरं एकदम देतो. दोनाचं दीड करा!"

मी म्हटलं, "शेठजी, हा कोर्स आहे, कापड नाही."

"म्हणून तर सहाच महिने सोडायला सांगतो," शेठजी म्हणाले. "कापड असतं तर सरळ अर्ध्यावर आणलं असतं!"

*

प्रवेशाचा एक रूल असा: विद्यार्थ्याला निदान तीन वर्षं ओळखणाऱ्या एका प्रतिष्ठित गृहस्थाचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला अर्जाला जोडावा.

वेस्ता वळवी हा सातपुड्यातला, काठी गावाच्याही वरच्या पाड्यावरचा विशीतला गडी. तळोद्याला राहून मराठी सातवी पास झालेला. त्याला मी हा रूल समजावून सांगितला. "तुला चांगलं ओळखणारा माणूस. त्याचा शब्द. कळलं?" तो "कळलं" म्हणाला आणि गेला तो आठ दिवस गायब! मला वाटलं, पोरगा गेला हातचा. रूल करणाऱ्यांना मी मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

नवव्या दिवशी शेडसमोरच्या लिंबाखाली सतरा माणसं बसलेली. डोंगर उतरून, तापी ओलांडून, चालत आलेली. आपापल्या भाकरी बांधून आणलेल्या.

आमचे हेडक्लार्क जोशीबुवा बाहेर आले. "दाखला कुठंय?"

सगळ्यांत म्हातारा माणूस उठला. डोंगरात "तुम्ही" नाही. राजालाही "तू", देवालाही "तू". म्हातारा काही बोलला आणि वेस्तानं मराठी करून सांगितलं, "तो म्हणतो, कागद कसा ओळखेल याला? कागद काय याच्याबरोबर वाढला? आम्ही वाढलो. तू विचार, आम्ही सांगतो."

जोशीबुवांनी मग खरंच विचारलं. एकेकाला. सतरा वेळा! दुपारची सगळी वेळ गेली. त्यातल्या एकानं तर सांगितलं की वेस्ता माणूस चांगला आहे, पण माझी कोंबडी यानंच चोरली होती. बाकीच्या सोळांनी त्याला गप्प केलं नाही, हे मला फार आवडलं.

संध्याकाळी अर्ज फायलीला लागला. मी उघडून बघितला. "सोबत जोडलेली कागदपत्रे" या रकान्यात जोशीबुवांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "माणसे सतरा. तपासून परत केली."

*

ड्रॉइंगशिवाय सर्टिफिकेट नाही. आणि ड्रॉइंगमध्ये सगळ्यांचं घोडं अडायचं ते सेक्शनपाशी. सेक्शन म्हणजे यंत्र मधोमध कापलं तर आत काय दिसेल त्याचं चित्र. मी फळ्यावर तीन दिवस घसा फोडला.

लोणखेड्याचा मोतीलाल पाटील ऐकायलाच तयार नाही. घरचा ऊस, केळी, विहिरीवर नवं इंजिन बसवायचं म्हणून शिकायला आलेला. "मास्तर, चांगलं चालू इंजिन कापानं कसाले?"

"अरे, खरं नाही कापायचं! मनात कापायचं."

"मनमा बी कसाले?"

मी चिडून खडू फेकला. आप्पा दारात उभे राहून हे सगळं बघत होते. ते बाहेर गेले, कुणाच्या तरी अंगणातली पपई घेऊन आले, माझ्या टेबलावर ठेवली आणि सुरीनं एका घावात उभी चिरली.

"दख. आते समजनं का?"

सगळ्यांना समजलं! मोतीलालनं त्या दिवशी काढलेला सेक्शन इतका सुंदर होता की मी तो भिंतीला लावला. फक्त खाली त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर एक ओळ लिहून ठेवली होती: "मास्तरांच्या सांगण्यावरून कापले आहे. आता चालणार नाही."

*

पहिलं वर्ष संपताना प्रत्येकाला शाखा निवडायची असते. पुष्कळ ठिकाणी मास्तरच रकाना भरून टाकतात. मला ते पटत नाही. माणसाला काय व्हायचंय हे त्यालाच विचारलं पाहिजे! मी एकेकाला बोलावून विचारलं, "तुला कशाची आवड आहे?"

हस्तीमल म्हणाला, "बापूजींना विचारून सांगतो." मोतीलाल म्हणाला, "जे लवकर आटपस ते."

वेस्ता "उद्या सांगतो" म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी आपण होऊन आला.

"मास्तर, मला आवाज आवडतो."

"इंजिनाचा?"

"चालतं तेव्हाचा नाही. बंद केल्यावर चाक हळूहळू थांबतं ना, तेव्हाचा. रोज वेगळा असतो."

मी विचार करत बसलो. रोज वेगळा? संध्याकाळी सगळे गेल्यावर मी इंजिन चालू केलं, बंद केलं, ऐकलं. पुन्हा चालू केलं, बंद केलं. सात-आठ वेळा! मला सगळे आवाज सारखेच. शेवटी आप्पांना विचारलं, "आप्पा, थांबताना इंजिनाचा आवाज रोज वेगळा येतो का हो?"

आप्पांनी माझ्याकडे पहिल्यांदाच जरा आदरानं बघितलं. "कोनी सांगं तुमले?"

मी वेस्ताचं नाव सांगितलं. आदर लगेच तिकडे गेला.

*

जर्मनीशी लढाई सुरू झाली, मेकॅनिक हवे झाले, आणि वरच्या ऑफिसातून भराभर सर्क्युलरं यायला लागली. त्यातलं एक वाचून माझं डोकंच फिरलं. "वर्कशॉपचे तास सर्टिफिकेटधारक शिक्षकाच्या हाताखाली भरलेले असतील तरच धरले जातील."

आप्पांकडे कसलं सर्टिफिकेट? म्हणजे अकरा जणांचे दोन वर्षांचे सगळे तास पाण्यात! परीक्षा तोंडावर आलेली. पुन्हा दोन वर्षं? हस्तीमलला घरी दुकानात बसवतील. मोतीलाल शेतात जाईल. वेस्ता तर डोंगर चढला की खाली येणार नाही.

मी तसाच वरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यासमोर अर्धा तास भाषण केलं. देश, शिक्षण, न्याय, काही ठेवलं नाही. ते शांतपणे पान खात होते. संपल्यावर म्हणाले, "झालं? मग मिस्त्रींनाच परीक्षेला बसवा. पास झाले तर मागचे तास धरू. रूलमध्ये आहे."

"पण प्रवेशाला मराठी सातवी लागते!"

"दीर्घ अनुभव असेल तर माफ आहे. पोटकलम वाचत नाही का तुम्ही?"

मी वाचलं नव्हतं. विद्यार्थ्यांना रूल समजावणारा मी!

*

आता आप्पा माझे बारावे विद्यार्थी झाले. मी त्यांच्यासाठी अभ्यासाचा तक्ता केला. रोज एक तास. लेखी माफ, तोंडी आणि प्रॅक्टिकल तेवढं होतं. मी इंग्रजी पुस्तकातून वाचायचो, मराठीत सांगायचो, आप्पा डोळे मिटून ऐकायचे. इंजिन थंड ठेवण्याच्या पाण्याचा धडा आला. पाणी स्वच्छ असावं, गाळ नसावा, वगैरे.

आप्पांनी डोळे उघडले. "मास्तर, हाई पुस्तक कोनी लिखं?"

"विलायतेतल्या एका साहेबानं."

"त्यानी तापीना पानीवर इंजिन चालाडं का कधी? पावसायामा?"

"नसेल चालवलं."

"मंग त्याले आठे बलावा," आप्पा म्हणाले. "पंधरा दिनमा दुसरं पुस्तक लिखी!"

त्या दिवसापासून अभ्यासाचा तक्ता उलटा फिरला. आप्पा सांगायचे आणि मी वहीत उतरवून घ्यायचो. मला वाटायचं, हा माणूस परीक्षेत असंच काही बोलला तर? अकरा पोरांचं काय?

*

परीक्षेला मुंबईहून परीक्षक आले. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचा कोट. हसणं त्यांच्या नेमणुकीत बसत नसावं. सकाळी अकरा जणांची परीक्षा झाली. निकालाचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. आप्पा पास झाले तरच तो बाहेर निघणार होता.

दुपारी आप्पांची पाळी. परीक्षकांनी सगळ्यांना शेडबाहेर काढलं, आतून कडी लावली आणि अर्धा तास इंजिनाशी काहीतरी केलं. मग दार उघडून म्हणाले, "मी यात मुद्दाम बिघाड केले आहेत. किती, ते सांगणार नाही. शोधा."

आप्पा आत गेले. आम्ही सगळे दारात. वेस्ता डोळे मिटून उभा होता. हस्तीमल नवकार मंत्र म्हणत होता. मोतीलाल नखं खात होता. आणि मी, खरं सांगतो, मनातल्या मनात पोटकलमं चाळत होतो.

आप्पांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली. घाई नाही, काही नाही. तेलाची नळी सोडली, आतून चिंधीचा बोळा ओढून काढला. "एक." व्हॉल्व्हपाशी गेले, सैल केलेला नट बोटांनीच हलवून दाखवला. "दोन." वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची एक पिन उलटी घातली होती, ती काढून परीक्षकांच्या हातावर ठेवली. "तीन."

परीक्षकांनी हातातल्या कागदावर तिसरी खूण केली आणि पहिल्यांदाच मान डोलावली. आमच्यात कोणीतरी मोठा श्वास सोडला.

आप्पा म्हणाले, "चार."

"नाही, मिस्त्री," परीक्षक म्हणाले. "तीनच आहेत. घाईत बोलू नका, मार्क जातील."

"तीन तुमना शेतस," आप्पा म्हणाले. "चौथा मन्हा शे. सकायमाच करी ठेयेल."

 मी डोक्याला हात लावला. दोन वर्षं, अकरा पोरं, सगळं त्या एका वाक्यात गेलं!

"तुम्ही? कशासाठी?"

"तुमले सापडस का, ते दखी ऱ्हायंतू."

 परीक्षक टेबलापाशी गेले. आप्पांच्या नावापुढे "पास" लिहिलं, सही केली. खिशातला घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. आणि कोट काढला, नीट दारामागच्या खिळ्याला अडकवला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सरसावल्या आणि इंजिनाकडे वळले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "सांगू नका हं!"