एकविसाव्या पानावरचा ठिपका

लायब्ररीचं पुस्तक वाचून झालं की बाबा एकविसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने बारीक ठिपका द्यायचे. तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून. लालबागच्या आमच्या चाळीत वाचणारे सगळेच अशी खूण करत. कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण. गिरणी बंद पडल्यावर बाबांना या ठिपक्यांनीच तारलं.

पुढे डोळे अधू झाले. ऑपरेशन झालं, तरी छापील अक्षर दिसेना. मी दादरला राहतो, कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणजे घरात शहाणा मीच. बाबा म्हणाले, "शेजारच्या सुनेकडे टॅब आसा, तसो मोठो बघ." मी त्यांनाच चार गोष्टी ऐकवल्या. टॅब म्हणजे सिरियली बघायचं खेळणं, डोळ्यांवर उजेड मारतो, रोज चार्ज करत बसा. ई-रीडर कसा कागदासारखा, डोळ्यांना थंड, एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे बघायला नको. मग तळहाताहून जरासा मोठा ई-रीडर आणला आणि त्यांच्या आवडीची जुनी पुस्तकं त्यात भरली. ती सगळी स्कॅन केलेली. अख्खं पान दिसायचं, पण अक्षर मुंगीएवढं. मोठं करावं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर. मला वाचता आलं, तेवढं मला पुरलं.

दर रविवारी फोनवर विचारायचो, "वाचताय ना?"

"बरा आसा रे. बॅटरी तर सरतच नाय."

हे मी ऑफिसात कौतुकाने सांगत सुटलो होतो. गाढव मी.

बाबा वैशाखात गेले. तेराव्याला शेजारची सून आली. ती मंडळी दिवाळीतच चाळ सोडून डोंबिवलीला गेली होती. जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ बसली.

"काका रोज दुपारी आमच्याकडे वाचत बसायचे. टॅबवर मी त्यांना अक्षर बोराएवढं करून द्यायचे. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. पोराने एवढं शोधून आणलंय, त्याला वाईट वाटेल म्हणे."

तिने पर्समधून टॅब काढला. काचेच्या खालच्या कोपऱ्यात निळा ठिपका होता.

"पुस्तक संपलं की एकविसावं पान काढायला लावायचे आणि पेन टेकवायचे. मी पुसायचे, पुढच्या पुस्तकाला पुन्हा तेच. हा शेवटचा. पुसवला नाही."

मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, बाबांच्या आठवणीने रडतोय. मी महिने मोजत होतो. दिवाळीपासून वैशाखापर्यंत बाबांकडे वाचायला माझ्या यंत्राशिवाय काहीच नव्हतं. दर रविवारी मी विचारत राहिलो, ते बरा आसा म्हणत राहिले. एकदा नुसतं शेजारी बसून एक पान वाचून दाखवा म्हटलं असतं, तर लगेच कळलं असतं.

सगळे गेल्यावर मी कपाट उघडलं. ई-रीडर बाबांच्या धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवलेला होता. चालू केला. पहिल्याच पुस्तकाचं दुसरं पान उघडं होतं. पडदा कोपऱ्याकोपऱ्यातून तपासला, खिडकीशी नेऊन पुन्हा तपासला. ठिपका कुठेच नव्हता.