आयव्ही थर्लो तळघरात उतरते

आयव्ही थर्लो पडद्यावर कधीच घाबरली नाही. लढाईच्या वर्षांत तिनं वैमानिकाची बायको केली, परिचारिका केली, शत्रूच्या तोंडावर सिगारेटचा धूर सोडणारी हेरसुद्धा केली. स्टुडिओत तिचे कपडे सांभाळायचं काम माझ्याकडे असल्यामुळे त्या शौर्याला आतून किती घाम फुटतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. ते सगळे झगे मीच धुवायची.

ही ग्रिम्सबीच्या मासळीवाल्याची मुलगी. नाटक कंपनीबरोबर लंडनला आली, एका जाहिरातीत साबण धरून हसली आणि स्टुडिओनं उचलली. पुढे बॉम्ब पडायला लागले, तेव्हा राहतं घर कोसळून ती तळघरात गाडली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढली. हे तिनं मला एकटीलाच सांगितलं होतं.

आमच्या स्टुडिओत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तरी चित्रीकरण चालू राही. छपरावरच्या पहारेकऱ्यानं विमान पाहून घंटा वाजवली, की मगच सगळे जमिनीखालच्या निवाऱ्यात पळत. आयव्ही मात्र दिव्यांखाली खुर्चीत बसून राही. काय छाती आहे बाईची, म्हणून वर्तमानपत्रांनी छापलं. शेजारी मी बसे, कारण ती माझा हात सोडत नसे. तिला खालची भीती, मला वरची. दोघी मिळून आम्ही पुऱ्या भित्र्या होतो.

या कीर्तीनंच घात केला. लोकांनी निवाऱ्यात हसत उतरावं म्हणून सरकारला छोटा चित्रपट हवा होता. उतरणार अर्थातच आयव्ही, तेही चर्चखालच्या खऱ्या तळघरात. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि मग शूर बायांची कामं संपली.

"फिल्म थोडी आहे, एकदाच घेणार," दिग्दर्शक पेंडल म्हणाले. "हसत या. खाली चहा आहे."

आयव्ही पहिल्या पायरीवर थिजली. "मेव्हिस, मला नाही जमणार गं."

"मग परत मासळी विकायची का?"

"चालेल. मासळी जमिनीच्या वर विकतात."

मी कॅमेरावाल्याला विचारलं, चित्रात कुठवर दिसणार? डोक्यापासून कमरेपर्यंत, तो म्हणाला. मी झगा खोचला, तिच्यासमोर पायऱ्यांवर उलटी रांगत बसले आणि तिचे घोटे धरले. गारठले होते बिचारे. आवाज नंतर भरायचा होता, त्यामुळे बोलायला मोकळीक होती. एकेक पाऊल मी उचलून खाली ठेवत गेले.

"दार बंद करतील का?" हसू न मोडता तिनं विचारलं.

"नाही."

"खोटं बोलतेस."

"हो. आता डावा पाय."

खाली बाकावर विणत बसलेली एक आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला पायऱ्या पुसायला आत्ताच वेळ मिळाला का?"

कॅमेरा थांबला. टाळ्या झाल्या. आयव्हीचं हसू तसंच चिकटलेलं. मागे कुणीतरी, गार वारा येतो म्हणून, दार लोटलं. त्यासरशी ती हातापायांवर आली आणि सगळ्यांदेखत, लोकांच्या पायांमधून वाट काढत, रांगत वर चढली. वर जाऊन चर्चच्या गवतात आडवी पडली.

पेंडलनी तिचं ते रांगणं नीट पाहून ठेवलं होतं. पुढच्या चित्रपटात त्यांनी तिला वाजलेल्या ताटलीलाही दचकणारी मावशी दिली. प्रेक्षक पोट धरून हसले. तेव्हापासून म्हातारपणापर्यंत ती भित्र्या मावशा आणि शेजारणीच करत राहिली. तालीम लागत नसे. नवं काम आलं की एवढंच विचारायची, "मेव्हिस, कुठल्या मजल्यावरचं आहे ते आधी बघून ये."