म्हशीला न सोसलेलं तेज

म्हैस दूध चोरायला लागली तेव्हा मला वाटलं, तिला माझं तेज सोसवत नाही.

आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा गोठ्यात बसून मी अगदी गंभीरपणे असं म्हटलं होतं. पंचेचाळिशीची बाई, गुडघ्यांत चरवी धरलेली, आणि समोर म्हैस मागचा पाय उचलून उभी. एरवी माझा हात लागला की पान्हा सोडणारं जनावर. आता माझी बोटं थरथरत होती, आणि थरथरता हात म्हशीला चालत नाही, ती आखडते, दूध वर ओढून घेते. सासरी आल्यापासून मला हे माहीत. तरी त्या शहाणीनं अर्थ काय लावला? म्हणे तेज.

त्या बाईला मी आता लांबून बघते तेव्हा तिचा राग येत नाही, कीव येते. सासू अंथरुणावर होती तोवर तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सासू गेली, मुलगा नोकरीला पुण्याला गेला, मालक कारखान्यात पाळीवर. घर एकदम रिकामं झालं. तेव्हा हिच्या ध्यानात आलं की आजवर जे काही घडलं ते दुसऱ्यांचं घडलं. बाळंतपण हिचं, पण बारसं मुलाचं. आपलं असं काही आयुष्यात झालंच नाही, आणि आता होणार तरी कधी, या विचारानं ती भांडी घासता घासता थांबायची आणि नळ तसाच वाहत राहायचा.

अशात शेजारणीबरोबर ती कुंडलिनीच्या वर्गाला गेली. मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, मुहूर्त नसेल त्या सकाळी आमचा. शिकवणारे सर बँकेतून निवृत्त झालेले, स्वच्छ पांढरा झब्बा, आवाज मऊ. ते सांगत, पाठीच्या कण्याच्या तळाशी शक्ती वेटोळं घालून निजलेली असते, तिला श्वासानं जागं करायचं आणि एकेक चक्र वर चढवत न्यायचं. इतकी वर्षं आपल्या अंगात कुणीतरी निवांत झोपून आहे आणि आपण मात्र पहाटे उठून शेण काढतोय, हे ऐकून मला आधी तिचा हेवाच वाटला.

पण एका सकाळी खरंच काहीतरी झालं. भाता ओढल्यासारखे श्वास घेऊन झाल्यावर सगळे शांत बसलो होतो. माझा श्वास आपोआप संथ झाला, आणि कंबरेपासून मानेपर्यंत काहीतरी गार, हलकं, सरकत गेलं. तेवढ्यापुरती मी कुणाची सून नव्हते, कुणाची आई नव्हते. डोळे उघडले तेव्हा गाल ओले होते.

मग काय विचारता. घरी येऊन मी आरशात बघायला लागले, चेहऱ्यावर काही उजेडबिजेड दिसतो का म्हणून.

पुढच्या महिन्यांत अंग तापायला लागलं. पंखा लावला तरी घाम. खाल्लेलं कुठं जायचं कळेना, दोन माणसांचं जेवायची आणि ब्लाउज मात्र सैल होत चालले. छातीत सारखी धडधड, झोप नाही, आणि हात थरथरायचे. सरांना सांगितलं तर त्यांचा चेहरा फुलला. ऊर्जा नाभीच्या चक्रात पोचली आहे, म्हणाले, उष्णता ही तिचीच खूण. वर्गातल्या बायका माझ्याकडं वळून बघायला लागल्या. मी मान खाली घातली, पण ती लाजून नव्हे. वर केली असती तर सगळ्यांना दात दिसले असते.

मालक म्हणायचे, डॉक्टरला दाखव की. मी म्हणायची, डॉक्टरला काय कळतंय त्यातलं. दूध काढायला आता तेच बसायचे, पाळीवर जायच्या कपड्यांत, चेहऱ्यावर आठ्या घेऊन.

होता होता सोसवेना. एकदा जिना चढताना मध्येच बसले, वाटलं काळीज आता तोंडातून बाहेर पडतं. तशीच रिक्षा करून सरांकडं गेले आणि विचारलं, "सर, मला भ्या वाटतंय. हे थांबवता येतंय का?"

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आता थांबलात तर ती मध्येच अडकेल. मग शरीर आणि मन दोन्ही बिघडतं. धीर धरा."

सर लबाड नव्हते. त्यांचा त्यावर विश्वास होता, आणि म्हणूनच माझी वाट बंद झाली. पुढं जावं तर मरण, थांबावं तर वेड. परत येताना रिक्षात मी मांड्यांखाली हात दाबून बसले होते.

त्याच सुमारास नवरात्र आलं, गल्लीत आरती होती. तबक माझ्या हातात दिलं आणि ते खडखडायला लागलं. निरांजनं हलली, ज्योती नाचल्या. मी घाबरून तबक खाली ठेवणार, तोच एका थोरल्या बाईनं माझ्या पायावर हळदकुंकू वाहिलं. आमच्या भागात बाईचं अंग असं थरथरलं की देवीच आली म्हणायची. मी म्हटलं, "मावशी, ही देवी न्हवं, कुंडलिनी हाय."

"कायबी नाव असू दे गं तिचं," मावशी म्हणाल्या. "ओटी घे."

आणि घेतली की मी. मग दर शुक्रवारी दोघी-चौघी खण-नारळ घेऊन यायला लागल्या. आतून जीव जळत होता आणि वरून मी पाटावर बसून नारळ घेत होते. त्या बाईला आत्ता समोर धरून हलवावंसं वाटतं, पण ती आधीच इतकी हलत होती.

एका शुक्रवारी पलीकडच्या गल्लीतली सून आली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही, घरात दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू. तिनं ओटी भरली, पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, मला कधी? तेवढंच सांगा."

मी डोळे मिटले. खरंच आत बघितलं, कुठं काही उजळतंय का, कुणी काही सांगतंय का. आत कुणी नव्हतं. नुसती धडधड. मी कसंबसं "बघू" म्हटलं, आणि त्या दोन अक्षरांवर तिचं तोंड असं उजळलं की मला तिच्याकडं बघवेना. ती गेल्यावर मी मालकांना म्हटलं, गाडी काढा, दवाखान्यात जाऊ.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं हात पुढं करायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. आम्ही तिघंही त्याच्याकडं बघत राहिलो. मग गळा चाचपला, रक्त तपासलं. थायरॉइड वाढलेला होता. गोळ्यांनी आवाक्यात येईल, पण उशीर केलात, म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "म्हणजे त्यातलं कायच खरं नव्हतं?"

ती गोळ्या लिहीत म्हणाली, "थायरॉइड खरा आहे, मावशी. बाकीचं मला तपासता येत नाही."

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. मालक गांगरले. "बरी व्हणार हाईस की, मग रडतीस कशापायी?"

काय सांगणार? माझ्या नावावर एकच गोष्ट घडली होती आणि तिच्यावर आता जेवणानंतर घ्यायची गोळी होती. धडधड गेली तर मला सुख होणार होतं. पण त्या पहिल्या सकाळचं ते गार, हलकं? तेही गळ्यातल्या गाठीनंच केलं होतं का? तेव्हा तर हातही थरथरत नव्हते. आजही ठाऊक नाही. अजून कधीमधी सकाळी पाठ ताठ करून बसते. गुडघे दुखतात, बाकी काही होत नाही.

पुढच्या शुक्रवारी बायका आल्या, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. ती सून उशिरा आली, एकटीच. तिला आत घेतलं, पाटावर न बसता जमिनीवर तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "माझ्या अंगात देवी न्हाय, कोणच न्हाय. मला आजार हाय गं. त्या दिवशी 'बघू' म्हटलं ते उगंच."

वाटलं होतं रागवेल, चार शब्द सुनावेल. ती खणाची घडी पुन्हा पुन्हा दुमडत राहिली.

"मग आता मी कुणाकडं जाऊ?" ती म्हणाली.

मी तिला डॉक्टरणीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, सगळं करून झालंय. तिनं हळूच माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी तिच्या केसांवर हात ठेवला. गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, हात अजून थरथरत होता, तिला तो जाणवत असणार. ती उठली नाही. मीही हात काढला नाही.