सिनेमासाठी धरलेला अबोला

पोरांनी मला त्या जर्मन हुकूमशहाचं नाव ठेवलं होतं. नववीच्या वर्गात, मागच्या बाकावर कर्कटकानं कोरलेलं मी स्वतः वाचलं. राग आला. पण खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी बरंही वाटलं. इतकी वर्षं शिकवते आहे, माझ्या तासाला वर्ग चिडीचूप असतो, आणि त्याचा मला भारी तोरा होता. स्टाफरूममध्ये सांगितलं तर पीटीचे सर हसून म्हणाले, "मॅडम, आपल्या पोराईले तसाच मानूस पाह्यजे. त्याशिवाय सुधरत नाईत हे."

ते वाक्य मला डाचलं. मी इतिहास शिकवते. ज्या माणसानं लाखो जीव जाळले, तो आमच्याकडं कडक मास्तरांना द्यायचं टोपणनाव होऊन बसला होता. पुस्तकातला धडा वाचून दाखवला तर पोरं जांभया देतात. म्हटलं, चला, सिनेमा काढू. जिल्ह्यातल्या शाळांची लघुपट स्पर्धा होतीच. नाझी जर्मनीतला एक वर्ग, त्यातली तेरा-चौदा वर्षांची पोरं, आणि रोज थोडं थोडं विष पाजणारी त्यांची शाळा. पण रडका सिनेमा नाही, टर उडवणारा. ज्याला माणूस हसला त्याला तो भुलत नाही, असं माझं ठाम मत होतं.

आमची जर्मनी नाचणगावात, शाळेच्या मागच्या बंद खोलीत उभी राहिली. पांढरे शर्ट चहाच्या पाण्यात उकळून तपकिरी केले. नाझींचं ते चिन्ह आमच्याकडं प्रत्येक उंबऱ्यावर हळदीकुंकवानं काढलेलं असतं, म्हणून त्याला मी हात लावला नाही. दंडावरच्या पट्टीवर झारा आणि उलथनं काढलं, आडवंतिडवं. भिंतीवर नेत्याचा फोटो वाकडा टांगला होता आणि तो सरळ करायची कोणाची छाती होत नव्हती, म्हणून अख्खा वर्ग माना वाकड्या करून उभा. पीटीचे सर मास्तर झाले होते. ते फूटपट्टीनं पोरांची नाकं मोजायचे. त्यांचं स्वतःचंच नाक मापात बसेना, तेव्हा ओरडले, "पट्टीच गद्दार हाय! हिले वर्गाबाहेर काढा!" पोरं हसून हसून बाकाखाली गेली.

पहिले चार दिवस असे गेले. मी वर्ध्याहून, नालवाडीतून, सकाळच्या गाडीनं निघायची आणि नाचणगावला लागून असलेल्या पुलगावात उतरेपर्यंत नवे संवाद लिहायची. इतक्या वर्षांत शाळेत जायला इतकं मन कधी धावलं नव्हतं.

वर्गातून हाकलली जाते ती ज्यू मुलगी म्हणून मी बसस्टँडजवळच्या किराणा दुकानदाराची पोरगी निवडली. ते कुटुंब तीन वर्षांपूर्वी केळझरकडून नाचणगावात आलं होतं. पोरगी कमी बोलायची, पण चेहऱ्यावर सगळं दिसायचं. आणि तिला हाकलणारी वर्गनायिका म्हणून घेतली एका शेतकऱ्याची पोरगी, धीट, खणखणीत आवाजाची. या दोघी एका बाकावर बसत, एका डब्यात जेवत. दोघींची इतकी गट्टी होती की एकीला रागावलं तर दुसरीचे डोळे भरायचे.

तिथंच घोडं अडलं. सीन असा होता की सगळा वर्ग तिच्याकडं पाठ फिरवतो. सगळे पाठ फिरवत, आणि मग वर्गनायिका हळूच मागं वळून पाही आणि दोघी फिस्सकन हसत. पुन्हा घेतलं. पुन्हा हसल्या. सातव्या-आठव्या वेळी माझा पारा चढला.

"आजपासून शूटिंग संपेपर्यंत हिच्याशी कोणी बोलायचं नाही," मी म्हटलं. "हाक नाही, डबा नाही, वही नाही. शाळेत नाही, रस्त्यात नाही. शेवटचा सीन झाला की मगच. समजलं?"

"हो मॅडम," सगळे एका सुरात म्हणाले.

दुकानदाराच्या पोरीला मी विचारलंही होतं. "चालेल ना ग तुला? सिनेमासाठी आहे." तिनं मान हलवली. भर वर्गात मॅडमना नाही म्हणणारी पोर मी अजून पाहिलेली नाही, आणि असती तर मी तिला धडपणे नाही म्हणू दिलं असतं का, याचीही मला खात्री नाही.

दोन दिवसांत फरक पडला. हसणं बंद झालं. ती खोलीत आली की पोरं आपोआप सरकून वाट करून देत. वर्गनायिकेची पाठ फिरायची ती फिरायचीच. मास्तरचं काम नसेल तेव्हा पीटीचे सरच मोबाइलवर चित्रण करत. एकदा फोन खाली करून ते म्हणाले, "मॅडम, जरा जास्तच होऊन राह्यलं. पोरगी डबा खाऊन नाई राह्यली."

"सर, तुम्ही फोन सरळ धरा," मी म्हटलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं दाराशी खोचलेल्या पळसाच्या फांद्या काढून गावाच्या शिवेवर नेऊन टाकतात. टाकताना ओरडायचं, "रोगराई घेऊन जा गे मारबत! ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत!" प्रत्येक पोर हे दर वर्षी घसा फोडून ओरडतं. मला वाटलं, यापेक्षा चांगला सीन कुठं मिळणार? मारबत म्हणजे गावाबाहेर हाकलायची इडापीडा; आमची जर्मन शाळा त्या पोरीचीच मारबत काढेल. ढेकूण-मच्छरांच्या जागी माणूस ठेवला की काय होतं, हे गावातल्या अडाणी म्हातारीलाही कळेल.

पोरं फांद्या घेऊन तिच्या मागं धावली. "घेऊन जा गे मारबत!" मैदानातून फाटकाकडं. फाटकाशी तिनं थांबून वळायचं होतं. ती थांबली नाही. चप्पल तिथंच पडली, आणि ती रस्त्यानं तशीच अनवाणी घरी पळाली. रडत होती. ते रडणं नाटकातलं नव्हतं, हे मला कळलं होतं. कळूनही मी म्हटलं, "वा! बंद नका करू सर, चप्पल घ्या, चप्पल!"

एक सीन राहिला होता. त्यात वर्गनायिका हातातली फांदी फेकते, फाटकापर्यंत जाते आणि म्हणते, "चाल, डबा खाऊ." मी पोरांना सांगितलं, तो नंतर घेऊ. मग चाचणी परीक्षा आल्या. सरांनी चित्रणाचं जोडकाम करायला घेतलं, आणि पडद्यावर ती एकटी चप्पल पाहून मीच म्हटलं, "इथंच संपवू. शेवट चटका लावतो." पोरांना हे कळवायचं मला सुचलंही नाही.

सिनेमा शाळेच्या हॉलमध्ये दाखवला, खिडक्यांना ताडपत्र्या बांधून. गावकरी पोट धरून हसले आणि शेवटी गप्प झाले. अगदी मला हवं होतं तसं. स्पर्धेत बक्षीस मिळालं. सगळीकडं माझं कौतुक झालं. ती पोरगी दाराजवळ एकटी बसली होती. मला वाटलं, पडद्यावर स्वतःला रडताना बघून लाजली असेल.

त्यानंतर एका दुपारी शेंगदाणे घ्यायला मी तिच्या दुकानात थांबले. गल्ल्यावर तिची आई होती. दाणे तोलता तोलता तिनं अगदी अदबीनं विचारलं, "मॅडम, तुमचं शूटिंग कवा संपते जी?"

"अहो, संपून दोन महिने झाले," मी हसून म्हटलं. "बक्षीससुद्धा आलं की."

तिनं तराजू खाली ठेवला. "मंग पोरी हिच्याशी बोलत काऊन नाईत?" ती म्हणाली. "पोरगी त मले रोज सांगते, आई, एक सीन बाकी हाय. तो झाला का बोलतीन. मी म्हटलं, मॅडमच्या कामात आपन काऊन पडाव."

दोन महिने! मी रोज त्या वर्गावर जात होते, रोज हजेरी घेत होते. पण माझ्या तासाला कोणीच कोणाशी बोलत नसे, मग ही एकटी पडली आहे हे मला दिसणार कसं? मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये चहा पीत, बक्षिसाची बातमी सांगत बसलेली.

दुसऱ्या दिवशी हजेरी न घेताच मी वर्गाला सांगितलं, "शूटिंग कधीच संपलं. तो सीन मी काढून टाकला. बोला तिच्याशी. आत्ता बोला."

मग पहिल्या बाकावरची मुलगी उठली आणि तिनं मला विचारलं, "काय बोलू मॅडम?" दुसरा उठला, तिच्याकडं तोंड करून म्हणाला, "कशी हायेस?" मग तिसरा, तेच. मग एकेक जण ओळीनं, प्रार्थनेला उभं राहावं तसा.

ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "मॅडम, राहू द्या. तवा तुमी सांगतलं म्हणून गप होते. आता तुमी सांगतलं म्हणून बोलून राह्यले."

मी वर्गासमोर माझे कान धरले. "चुकलं माझं बेटा," म्हटलं. कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. ती म्हणाली, "ठीक हाय मॅडम." मोठ्या माणसांना पोरं म्हणतात तसं. त्याला माफी म्हणत नाहीत, एवढं मलाही कळतं.

पुढं पोरं बोलू लागली. वही मागायची, वेळ विचारायची. डबा मात्र ती एकटीच खायची, आणि वर्गनायिका तिच्या बाकावर परत गेलीच नाही. जूनमध्ये तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. "पुलगावची शाळा जवळ पडते जी," एवढंच म्हणाले. नाचणगावात राहणाऱ्याला नाचणगावची शाळा दूर कशी पडेल? पण भल्या माणसानं एक वाकडा शब्द काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी दाखला हातात दिला. नमस्कार करून ते गेले.

त्यानंतर आठवड्याभरानं शाळा सुटल्यावर वर्गनायिका थांबली. आता दहावीत होती. दप्तर पोटाशी धरून म्हणाली, "मॅडम, ती गेली ते माह्यामुळं, का तुमच्यामुळं?"

"माझ्यामुळं," मी म्हटलं. लगेच म्हटलं, कारण ते खरं होतं, आणि लेकराच्या डोक्यावर ते ओझं राहू नये असं मला मनापासून वाटत होतं. "नियम मी केला होता. तू फक्त ऐकलंस. तुझा काही दोष नाही."

तिनं मान हलवली. पटलं म्हणून नव्हे.

"दोन महिने मी तुमची वाट पाह्यली," ती म्हणाली. "रोज वाटे, आज मॅडम सांगतीन बोल म्हणून. ती बी माह्याकडं पाहे. पन तोंड त माहंच होतं ना, मॅडम?"

मी म्हटलं, "तिच्या घरी जाऊन एकदा बोल तिच्याशी."

"काल गेलती," ती म्हणाली. "तिच्या आईनं पानी देल्लं. ती आतून आलीच नाई. मी बसली दिवेलागणीपर्यंत." मग दप्तर खांद्याला लावून ती निघाली, आणि दारातून म्हणाली, "आज बी जाईन."

जाऊ का, असं तिनं विचारलं नाही.