कुंदाकाकू आणि पहारेकरी

आधी माफी मागतो. कुंदाकाकूंवर लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, याची मलाच खात्री नाही. त्यांना चाळीस वर्षं ओळखणारी माणसं इथे जर्मनीत आहेत, साताऱ्यात त्यांची सख्खी भावंडं आहेत. मी त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत जेमतेम दोन वर्षं भाड्याने राहिलेला विद्यार्थी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे असं काही लिहायची सवयही नाही. पण काकूंनी माझ्यावर एक काम सोपवलं होतं. ते मी वेळेत केलं नाही. ते कुठेतरी सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सुचत नाहीये.

बातमी आली तेव्हा मी इंगोलश्टाटला कामावर होतो. फोन हॉर्स्टकाकांचा, म्हणजे काकूंच्या जर्मन यजमानांचा. "बालाजी, कुंदा गेली," ते म्हणाले. मराठीत. त्यांना मराठीचे चाळीसेक शब्द येत असतील. साताऱ्याहून फोन आला की काकू तो ठेवून "अमकी गेली" असं सांगायच्या, त्यातूनच त्यांनी हा शब्द उचलला असणार. मी नुसतं "आल्झो..." म्हणालो. वाक्य सापडत नसलं की इथे सगळेच म्हणतात तसं. फोन ठेवून मी मोटारीच्या सीटखालच्या रुळांची उरलेली मापं घेतली, तक्त्यात भरली. एकही चुकलं नाही. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले, मला अजून रडू आलेलं नाही.

काकूंचं घर नेकारसुल्मला. हॉर्स्टकाका तिथल्या कार कारखान्यातून निवृत्त झालेले. काकू कोर्टकचेऱ्यांत मराठी-हिंदीच्या दुभाषी होत्या, शपथ घेतलेल्या. शपथ अशी की बोललेल्यातलं काही गाळायचं नाही आणि पदरचं काही घालायचं नाही. नवऱ्याला त्या चारचौघांत "अहो" म्हणायच्या, आणि हॉर्स्टकाका ते आपलं दुसरं नाव असल्यासारखे वळून बघायचे. एकदा शेजारीण त्यांना "हेर अहो", म्हणजे श्रीयुत अहो, म्हणाली, तर काकू आठवडाभर हसत होत्या. त्यांच्या घरी कोणीही आलं, पोस्टमन, मीटर बघणारा, धुराडं साफ करणारा, तर चहा घेतल्याशिवाय त्याची सुटका नसे. "अहो, त्यांना पाच मिनिटं थांबवा, आधण ठेवलंय!" काळ्या कपड्यांतला तो धुराडेवाला आल्याचा चहा घोटाघोटाने, घाम पुसत प्यायचा. मला वाटायचं, साताऱ्याचं अगत्य, दुसरं काय...

माझ्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात एक विषय बाहेरचा घ्यावा लागे. वेळापत्रकात बसत होता म्हणून मी ग्रीक शोकांतिकेचा घेतला. जर्मनमधलं नाटक मला झेपेना. मग रविवारी दुपारी काकू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मला ते मराठीत वाचून दाखवायला लागल्या. पान जर्मन, तोंडातून मराठी, अडखळणं नाही. राजा हुकूम काढतो की राज्यावर चालून आलेल्याचं प्रेत उघड्यावर पडू द्या, जो पुरेल त्याला मृत्यू. मेलेल्याची बहीण तरीही जाते आणि त्या देहावर माती टाकते. "मूठमाती देते बघ," काकू म्हणाल्या. त्या एका शब्दाने मला सगळं कळलं. आमच्या जिंतूरला हे कोणालाही समजावून सांगावं लागलं नसतं.

पण प्रेतावर राखण करणारा एक पहारेकरीही त्या नाटकात आहे. तोच तिला पकडून राजापुढे आणतो. म्हणतो, हिला पकडून देताना वाईट वाटतं, पण शेवटी आपला जीव वाचलेला बरा. मला निबंध लिहायचा होता आणि माझं मत झालेलं होतं. मी म्हणालो, "काकू, राजा परवडला. त्याला निदान स्वतःचं काही खरं तरी वाटतं. हा माणूस सगळ्यात भ्याड. असली हुकूम पोचवणारी माणसं नसतील तर राजे काय करतील?"

काकूंनी पुस्तक मिटलं. "बालाजी, तुझा हा पहारेकरी माझ्या ओळखीचा आहे रे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगली जिल्ह्यातले दत्ता नावाचे एक आचारी, हॉटेल बंद पडलं, इथे राहायचा परवाना गेला, अपील फेटाळलं. त्यांना विमानतळावर न्यायला सकाळी माणसं जाणार होती आणि बरोबर दुभाषी हवा होता. काकू गेल्या. दोन पोलीस, कचेरीतला एक जण आणि या. दार उघडल्यावर काकू म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला न्यायला आलो आहोत. अर्ध्या तासात सामान भरा." दत्तांनी वाक्य ऐकलंच नाही, फक्त मराठी ऐकली. "ताई, तुम्ही आपल्याकडच्या? या की! आत या, चहा टाकतो." आणि दूध शेगडीवर ठेवलं. काकूंनी शपथेप्रमाणे पोलिसांना जर्मनमध्ये सांगितलं, हे चहा विचारताहेत. पोलीस म्हणाला, नको. काकूंनी मराठीत सांगितलं, "नको म्हणतात."

"तेव्हा त्यांना कळलं, मी कोणाबरोबर आलेय ते," काकू म्हणाल्या. "मग एक शब्द बोलले नाहीत. बॅग उचलली आणि निघाले. दूध वर यायला लागलं होतं. मी मागे राहून शेगडीचं बटण बंद केलं. त्या सकाळी माझ्या मनाने केलेलं तेवढंच."

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?" मी विचारलं.

"तर काही झालं नसतं. मला कोणी तुरुंगात टाकणार नव्हतं. पुढच्या वेळी फोन आला नसता, एवढंच. पहारेकऱ्याच्या मानेवर तलवार तरी होती. माझ्या मानेवर काय होतं?" मग म्हणाल्या, "आणि मी नाही म्हणाले असते, तर त्यांना दुसऱ्या कोणीतरी फोनवरून सांगितलं असतं. हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे."

मी चहाचा कप तसाच ठेवून वर खोलीत गेलो, हे मला नीट आठवतं. निबंधातलं भ्याडपणाचं वाक्य मी काढलं नाही. मार्क चांगले पडले.

त्या उन्हाळ्यात मी बहिणीच्या लग्नाला गावी निघालो, तेव्हा काकूंनी एक चिठ्ठी दिली. दत्तांचं पूर्ण नाव, गाव, तालुका. "जमलं तर चौकशी कर. बरे आहेत ना, एवढंच. माझं नाव नको सांगूस." चिठ्ठी मी पासपोर्टच्या कव्हरात ठेवली आणि तशीच परत आणली. वेळ मिळाला नाही, असं त्यांना सांगितलं. वेळ होता. मला वाटलं होतं, यांना इतक्या सहज का सुटका मिळावी... असं वाटून घ्यायला मी कोण होतो, ते आज सांगता येत नाही. काकू म्हणाल्या, "असू दे रे. पुढच्या वेळी." मग मी इंगोलश्टाटला आलो आणि पुढची वेळ आलीच नाही.

त्या गेल्यावर मी ती चिठ्ठी काढली. जुन्या हॉस्टेलमधल्या सांगलीच्या मित्राला पाठवली. दोन दिवसांत त्याने दत्तांचा नंबर दिला. दोन दिवसांचंच काम होतं.

मागच्या शनिवारी मी नेकारसुल्मला गेलो. स्वयंपाकघर होतं तसंच आहे. मी बसलो असताना पोस्टमन आला आणि हॉर्स्टकाकांनी त्याला दारातच थांबवलं, "आधण, आधण" म्हणत. चहा पांचट झाला होता. पोस्टमन उभ्या उभ्या सगळा प्यायला. तो गेल्यावर मी त्याच टेबलावरून दत्तांना फोन लावला. ते आता तालुक्याच्या गावी खानावळ चालवतात. मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी जर्मनीहून बोलतोय म्हणून सांगितलं. काकूंनी नाव नको म्हटलं होतं, म्हणून मी एवढंच म्हणालो की त्या सकाळी एक मराठी बाई आल्या होत्या, त्यांच्या घरून बोलतोय, तुम्ही बरे आहात ना?

"बराय," ते म्हणाले. मग गिऱ्हाईक बघ रे, असं कोणाला तरी सांगितलं. मला वाटलं, आता ठेवतील फोन.

"एक विचारू का, साहेब? इतकी वर्षं डोक्यात आहे. मी शेगडीवर दूध ठेवलं होतं. जुनं लाकडी घर ते, वरच्या मजल्यावरची दोघं झोपलेली... त्या ताई मागे राहिल्या होत्या. त्यांनी बटण बंद केलं होतं का हो?"

"केलं होतं," मी म्हणालो.

"मग झालं," दत्ता म्हणाले. "ताईंना सांगा, तेवढंच राहिलं होतं."

सांगतो, म्हणालो.